नावेला मानवेल अशी तार

लालासाबने तारेचं टोक दाढेखाली धरलं आणि मान झटकली. वरची सुती वीण फाटली, तिच्याखालचं काळं रबर दिसू लागलं. ते त्याने चाकूने सोलून काढलं, आतल्या तांब्याच्या बारीक काड्या बोटांनी पसरल्या आणि दुकानाच्या उंबऱ्यापाशी उजेडात नेऊन पाहिल्या.

“मिस्त्री, घोडं घ्यायला आलायसा का तार?” गल्ल्यावरून आकारामशेट म्हणाला.

“घोड्याचं दात बघत्यात, शेट. तारंला आपलं दाखवाय लागत्यात.”

भिंतीकडेच्या बाकावर बसून हंबीरराव हे पाहत होते. रंकाळ्यावरची दरबारची नाव, तिचा धक्का आणि तिच्या दिव्यांच्या बॅटऱ्या भरणारं काठावरचं इंजिनघर यांची देखरेख त्यांच्याकडे होती. एरवी तार घ्यायला मिस्त्रीबरोबर शाहूपुरीत येण्याचं त्यांना कारण नव्हतं; पण या खेपेस दरबारातल्या त्यांच्या वरच्या साहेबांनी तसं बजावलं होतं. गेल्या दिवाळीत, पाहुणे नावेत असताना तळ्याच्या मध्यावर छताखालचे दिवे एकाएकी लाल पडले, फळीमागून धूर आला आणि नाव अंधारात उभी राहिली. गुंडू नावाडी वल्ह्यावर होता म्हणून पाहुणे कोरड्या कपड्यांनी काठाला लागले. दुसऱ्या दिवशी फळ्या काढून पाहिलं, तर तारेवरच्या रबराचा चिखल झाला होता. ती बसवून फार काळ लोटला नव्हता. बसवणारा लालासाब, आणि लालासाबचं नाव पुढे करणारे हंबीरराव.

साहेब मोजकं बोलत. ज्याच्या हातून हे झालं असेल तो पुन्हा तळ्यावर दिसता कामा नये, एवढंच ते म्हणाले होते. आता महाराजांच्या राज्यारोहणाचा वर्धापनदिन तोंडावर आला होता. पाहुणे येणार होते, नाव उजळायची होती. काम लालासाबलाच द्यावं, असं हंबीररावांनी पुन्हा सांगून पाहिलं. साहेबांनी ते मान्य केलं, पण एका अटीवर: नव्या तारेवर दिवे लागण्याच्या आत, जुनी तार कुणामुळे गेली ते हंबीररावांनी समोर उभं राहून सांगायचं.

लालासाबला ही अट ठाऊक होती. त्याचे वडील कोल्हापुरात घरोघर फिरून भांड्यांना कल्हई करत. तो स्वतः तरुणपणी मुंबईला गोदीत गेला, आगबोटींवरच्या विजेच्या कामात मुरला आणि कपाळावर एक भाजल्याचा डाग व मनात भरपूर गुर्मी घेऊन परत आला. आपल्या कामात कुणी बोट घातलेलं त्याला खपत नसे. सकाळी पेठेतून निघतानाच तो म्हणाला होता, की आज तारेकडूनच वदवून घेतो, चूक कुणाची ते. ते म्हणताना त्याने टोपी अशी बसवली होती, की जणू निकाल लागलाच आहे.

आकारामशेटच्या दुकानात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचे भाग, पाणी ओढायचे पंप, पट्टे आणि विजेचं सामान असा सगळा मुंबईहून रेल्वेने आलेला माल होता. पहिल्यांदा त्याने रेशमाने मढवलेली हिरवी तार काढली. दोन पदरी, वेणीसारखी पिळाची. हंबीररावांना ती आवडली. नावेच्या छताला शोभेल, असं ते म्हणालेही.

“शोबंल की,” लालासाब म्हणाला. “बैठकीच्या खोलीत लई शोबंल. पान्यावर चार दिसांत शेवाळ धरंल.”

मग शेटने घरात वापरतात ती एकेरी जाड काडीची तार दाखवली. लालासाबने ती हातभर तोडून घेतली आणि बोलता बोलता एकाच जागी पुढे मागे वाकवत राहिला. आकारामशेट तिची तारीफ करत होता. कुणाच्या माडीवर बसवली, कुणाच्या गिरणीत बसवली, ते सांगत होता. तारीफ संपायच्या आत तार कडकन मोडली. लालासाबने दोन्ही तुकडे गल्ल्यावर शेजारी शेजारी ठेवले.

“घर हालत न्हाय, शेट. नाव हालती.”

आकारामशेट मनापासून हसला. असलं गिऱ्हाईक रोज आलं तर दुकान बंद करून आजऱ्याला काजू सोलायला जाईन, असं तो हंबीररावांना म्हणाला. पण गल्ल्यावरून उठून तो स्वतः मागच्या रिळांकडे गेला, नोकराला पाठवलं नाही. हे हंबीररावांच्या नजरेतून सुटलं नाही. लालासाबपुढे माणसं आधी चिडत आणि मग कामाला लागत.

आता दाताने सोललेली तार ही तिसरी होती. बारीक काड्यांचा पीळ, त्यावर रबर, त्यावर सुती वीण आणि विणीला डांबर. उंबऱ्यापाशी लालासाबने हंबीररावांना जवळ बोलावलं आणि काड्या दाखवल्या. त्या तांबड्या नव्हत्या, पांढऱ्या होत्या.

“कल्हई हाय,” तो म्हणाला. “रबरात गंधक असतंय. उघड्या तांब्याला ते खातंय, काळं करतंय. जसं बिनकल्हईच्या पातेल्यात आंबट वरण कळकतं तसं. म्हणून मधी कल्हई. आमच्या बाचाच धंदा हा, फक्त पातेलं बारीक झालंय.”

त्याने रबराची साल ताणली. ती सुटून परत जागेवर आली. बोटात पिळली, भेग पडली नाही. नखाने दाबली, नखाची खूण बघता बघता मिटली. मग तो थांबला आणि पहिल्यांदाच समाधानाने शेटकडे पाहिलं. हीच गेल्या वेळची तार, त्याच कंपनीची. गेल्या वेळीही तिला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, असं तो म्हणाला.

हंबीररावांनी याच क्षणाची वाट पाहिली होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि नावेतून काढलेल्या जुन्या तारेचा वीतभर तुकडा नव्या तारेशेजारी ठेवला. वीण सैल झाली होती. रबर फुगून मऊ पडलं होतं, उन्हात ठेवलेल्या गुळासारखं चिकट.

“मग हिचं असं का झालं, मिस्त्री?”

आकारामशेट लगेच बोलू लागला. त्याच रिळातली तार त्याने कळंब्याकडच्या एका मळ्यात पंपाला दिली होती. ती विहिरीत पाण्यावर लोंबते आणि आजही धडधाकट आहे. हवं तर मळेवाल्याला बोलवा. आपला माल खराब निघाला असं दरबारात गेलं तर दुकानाला कुलूप लावावं लागेल. मग त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला की माल चांगला असेल तर चूक बसवणाऱ्याची, हे आपण म्हणत नाही, पण लोक म्हणतील.

लालासाबने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने तुकडा उचलला, चिकट रबर अंगठ्यावर घेतलं आणि नाकाशी नेलं. मग पुन्हा नेलं. दुसऱ्या वेळी त्याने डोळे मिटले होते.

त्याने डोळे उघडले तेव्हा सकाळची ती गुर्मी चेहऱ्यावर नव्हती. हंबीररावांना वाटलं, याला आपली चूक सापडली. लालासाबने अंगठा सदऱ्याला पुसला, जुना तुकडा रुमालात होता तसा गुंडाळून परत दिला आणि हाताशी असलेली ती चांगली तार, जिला बोट ठेवायला जागा नव्हती, ती गल्ल्यावरून बाजूला सारली.

“ही नको. शिशाची हाय काय?”

“शिशाची?” आकारामशेट म्हणाला. “मिस्त्री, ती जड. वाकवायला तरास. नावंत कोण घालतंय?”

“आगबोटीत घालत्यात.”

“ही काय आगबोट हाय व्हय?”

“दाखवा तर.”

हंबीररावांनी विचारलं, की झालं काय. लालासाब म्हणाला, पाणी. पाण्याने असं होतं? लालासाबने बाजूला सारलेल्या तारेचं टोक गुंडाळलं. मग, नावेवर राहून तारेला काय काय सोसावं लागतं ते दुकानात कळत नाही, एवढंच तो म्हणाला. ते उत्तर हंबीररावांना पुरलं नाही. पण विचारून काढण्यासारखा तो माणूस नव्हता.

एका गिरणीने मागवून मग न घेतलेलं शिशाच्या तारेचं रीळ कोठारात मागे पडलं होतं. आत तीच कल्हईची काडी, तेच रबर. वरून मात्र विणीऐवजी शिशाची अखंड नळी. दोन हमालांनी रीळ बाहेर आणलं. लालासाबने नळीवर नख ओढून पाहिलं आणि आपली पेटी उघडली. पेटीत एक बॅटरी होती आणि एक लहान घंटी. दुकानासमोर बैलांना पाणी पाजायची दगडी डोण होती. त्याने लागेल तेवढी तार मोजून तिचं वेटोळं डोणीत बुडवलं, दोन्ही टोकं वर ठेवली. बॅटरीचा एक धागा घंटीतून तारेच्या तांब्याला जोडला, दुसरा पाण्यात सोडला.

“नळी न् आतलं रबर कुटं सुईएवढं फुटलं आसंल, तर पानी तांब्याला भिडंल न् घंटी वाजंल,” तो म्हणाला. “आता गप बसायचं.”

आणि तो उकिडवा बसला. शेटने चहा मागवला. लालासाबने कप हातात घेतला पण तोंडाला लावला नाही. येणारे जाणारे थांबले. एका गाडीवानाने बैल पाण्यावर आणले. त्याला शेटनेच, जरा दम धरा पावणं, म्हणून अडवलं. बैल, गाडीवान, शेट, हमाल, सगळे एका न वाजणाऱ्या घंटीकडे पाहत राहिले. लालासाबने वेटोळं पाण्यातच उलटंपालटं केलं, हलवलं, दाबलं. घंटी गप्प राहिली. शेवटी त्याने पाण्यातला धागा उचलून मुद्दाम तांब्याला टेकवला. घंटी खणखणून वाजली, म्हणजे तीही धडधाकट होती. मग त्याने चहा घेतला. तो निवून गेला होता.

हंबीररावांनी दरबारात हुशार माणसं पुष्कळ पाहिली होती. पण वस्तू घेताना ती वस्तू आपल्याला फसवणार नाही याची खात्री होईपर्यंत चहा निवू देणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. म्हणूनच परतीच्या वाटेवर, रीळ गाडीत आणि ते दोघे गाडीमागून चालत असताना, लालासाब जे बोलला ते त्यांना पटेना.

साहेबांना काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं होतं.

“सांगा की, मिस्त्रीनं गेल्या बारीला तार चुकीची निवडली.”

“पण चुकीची नव्हती. तुम्हीच म्हणालात.”

“नावंसाठी चुकीचीच की. शिशाचीच घालाय पायजे हुती.”

“लालासाब, हे सांगितलं तर दरबारचं काम जाईल तुमचं. साहेबांचा शब्द माहीत आहे ना?”

“हाय म्हाईत.” तो थोडा चालला. “पेठंत पातेली हाईत की, रावसाब. कल्हई काय इसरलो न्हाय.”

काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. नाव धक्क्यावर ओढून घेतली होती. तिच्यावर गुंडूचा जीव होता, हे सगळ्या रंकाळ्याला माहीत होतं. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि वयामुळे आता दुसरीकडे कुठे काम मिळण्यासारखं नव्हतं. नावेला तो ‘बाई’ म्हणे. तिचं लाकूड इतकं तुळतुळीत असे, की पाहुणे उतरताना कठड्यावरून हात फिरवून बघत. त्यासाठी लागणारं उंडीचं तेल कोकणातून घाट चढून गगनबावड्याला येई, आणि तिथून हंबीरराव मेव्हण्याला निरोप धाडून मागवून देत. एका पाहुण्याने नावेचं फार कौतुक केलं, तेव्हापासून तर हंबीररावांनी आपणहून दुप्पट डबे मागवायला सुरुवात केली होती. एवढं तेल माझ्या डोईला कधी लावलं न्हाय, असं गुंडूची बायको झुंबरबाई येईल जाईल त्याला ऐकवी.

शिशाची तार बसवणं म्हणजे घाईचं काम नव्हतं. लालासाब ती मांडीवर घेऊन अंगठ्यांनी थोडी थोडी वाकवी, लाकडी हातोडीने हलके ठोकून खाचेत बसवी, प्रत्येक जोडावर शिसं वितळवून तोंड बंद करी. रबराची तार दोन दिवसांत ओढून झाली असती. ठरलेली मजुरी मात्र ठरली तेवढीच होती. हंबीरराव येऊन बसत आणि पाहत. कोपऱ्यावर वळताना नळीला एक सुरकुती पडली, तर त्याने तेवढा तुकडा कापून टाकला आणि नवा जोड केला. तिथे वरून फळी येणार होती. ती सुरकुती कुणाला कधी दिसली नसती.

शेवटच्या दिवशी दुपारी गुंडू तेलाचा डबा आणि चिंधी घेऊन नावेत चढला. अमावास्या परवावर होती, पण बाई उजळायची म्हणून आजच तेल पाजतो, असं म्हणाला. डब्याचं झाकण काढताच तो उग्र, कडवट वास धक्क्यावर पसरला. त्याने चिंधी बुडवली आणि कठड्यापासून सुरुवात केली. खाचेतल्या शिशापाशी तो थांबला.

“मिस्त्री, ह्या नळीला तेल लावलं तर चालंल न्हवं?”

“लावा की, गुंडूमामा.”

“म्हनलं इचारावं.” चिंधी नळीवरून फिरली. “मागची तार लई कोरडी पडायची बगा. वरची वीण उलायची. मग मी दर अवसंला तिला बी पाजायचो. फळीमागं हात घालून, बोटानं. लाकडाच्या आदी तिला. तरी मेली. कुनाची दिष्ट लागली कुनाला ठावं.”

लालासाब खाली मान घालून जोडावर हातोडी मारत होता. त्याने मान वर केली नाही.

हंबीररावांचा हात आपोआप खिशाकडे गेला. रुमाल अजून तिथेच होता. तो त्यांनी बाहेर काढला, नाकाशी नेला, डब्यातला तोच कडवट वास आला, आणि परत ठेवला. दुकानात लालासाबने डोळे का मिटले होते, ते त्यांना आता समजलं. विहिरीवरच्या तारेला पाणी लागलं होतं, रबराचा चिखल करणारं तेल लागलं नव्हतं. आणि गुंडूला हे सांगून थांबवावं तर तो गप्प बसणारा माणूस नव्हता. तो उठून साहेबांसमोर जाऊन उभा राहिला असता आणि म्हणाला असता, की माझ्या हातून झालं. शिवाय तेल बंद झालं असतं तर लाकूड उललं असतं.

नावेला तेल हवंच होतं. तेव्हा लालासाबने तेल सोसणारी तार शोधली होती.

साहेब संध्याकाळी आले. सूर्य कलला होता, तळ्यातल्या संध्यामठाची सावली पाण्यावर लांब पडली होती. नाव पाण्यात सोडली होती. गुंडू वल्हं धरून उभा होता, लालासाब बॅटऱ्यांच्या पेटीशी. साहेबांनी वाकून खाचा पाहिल्या, एका जोडावर बोट फिरवलं आणि सरळ उभे राहून हंबीररावांकडे वळले.

“मागची तार कुणामुळे गेली?”

लालासाब एक पाऊल पुढे आला. “साहेब, ती माजी…”

“थांबा, मिस्त्री,” हंबीरराव म्हणाले. मग साहेबांना, एकेक शब्द तोलून: “साहेब, तार चांगली होती. तिचा नवा तुकडा मी दुकानात स्वतः पाहिला. बसवणीतही खोट नव्हती. ती तार या नावेला मानवली नाही. हे आधी ध्यानात यायला हवं होतं ते माझ्या. नावेला काय लागतं, तिच्यावर काय काय जातं, ते सगळं माझ्या हाताखालून जातं.”

“आणि ही मानवेल?”

“मिस्त्रींनी पारखून घेतली आहे. शब्द माझा.”

साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी ठेवलेल्या अटीत हे उत्तर बसतं का, हे ते ठरवत असावेत. गुंडू एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. बोलणं कशाबद्दल चाललं आहे हे कळून त्याच्या चेहऱ्यावर लालासाबसाठी काळजी दिसत होती. शेवटी साहेबांनी मान हलवली.

“लावा.”

लालासाबने खटका दाबला. छताखालच्या दिव्यांची ओळ एका दमात पेटली, आणि पाण्यात तिच्याखाली दुसरी ओळ उभी राहिली. गुंडूने डावा हात छातीला लावला. साहेब नावेत बसले. एक फेरी झाली; वल्ह्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर लालासाब दिव्यांकडे न बघता जोडांकडे बघत होता. एकही दिवा लुकलुकला नाही. धक्क्यावर उतरताना साहेबांनी सवयीने कठड्यावर हात फिरवला, बोटं एकमेकांवर चोळली आणि लालासाबला म्हणाले, की वर्धापनदिनाला तुम्ही नावेतच असा. मग ते गेले.

लालासाब पेटी आवरू लागला. घंटी, बॅटरी, हातोडी. गुंडू दिवे मालवायच्या आत पुन्हा एकदा चिंधी घेऊन नळीवरून हात फिरवत होता, साहेबांच्या बोटांनी कुठे डाग पडला असेल म्हणून.

हंबीरराव काठावर उभे होते. त्यांनी रुमालातला जुना तुकडा काढून मूठ मिटली.

“गुंडू,” ते म्हणाले, “तेल किती उरलंय?”

“तळाला आलंय, रावसाब. ह्या अवसंपुरतं.”

“बरं. मेव्हण्याला निरोप धाडतो. दोन डबे जास्तीच मागवू.”

पेटीत हत्यारं ठेवणारा लालासाबचा हात क्षणभर थांबला. मग त्याने हातोडी जागेवर ठेवली आणि झाकण लावलं.